पुढचा ॲक्सल बदलायचा की आहे तोच मजबूत करायचा?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या पुढच्या ॲक्सलबद्दलच आहेत, आणि तो का बदलायचा हे त्यातल्या थोड्याच पत्रांत लिहिलंय. म्हणून पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा घेते. पुढची बरीच उत्तरं त्यातच दडलेली आहेत.

प्रश्न : ताई, माझी १९९९ ची जीप रँग्लर टीजे आहे. चार लिटरचं इंजिन, हाताचा गिअरबॉक्स, ३.७३ चा रेशो, पुढे डाना ३० ॲक्सल. मूळ टायर ३० इंची. आता ३५ इंची टायर आणि पुढे लॉकर असा बेत आहे. मित्र म्हणतात, डाना ३० काढून रुबिकॉनचा डाना ४४ बसव. एक जण म्हणतो, एकदाच काय तो खर्च कर आणि डाना ६० घाल. काय करू?

सगळे तुम्हाला ॲक्सलचं नाव सांगतायत. तुमच्या गाडीत आधी काय तुटेल, हे कुणीच सांगत नाही. तिथूनच सुरुवात करू.

तुमचं इंजिन साधारण ३०० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देतं. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.८३, पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसची लो रेंज २.७२, ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे, तो आकडा) ३.७३. गुणाकार केला की साडेअकरा हजारांच्या वर जातो. एवढा जोर एका पुढच्या शाफ्टने सोसायचा म्हटलं तर तुमच्या डाना ३० चा कुठलाच शाफ्ट टिकणार नाही. तरी गाड्या चालतात, कारण त्याआधी टायर घसरतो. शाफ्टवर किती ताण येणार हे इंजिनापेक्षा टायर ठरवतो : त्या चाकावर वजन किती, जमिनीची पकड किती आणि टायरची त्रिज्या किती.

समजा, खडकावर एका पुढच्या चाकावर ७०० किलो भार आला आणि कोरड्या दगडाची पकड जवळजवळ पूर्ण आहे. ३० इंची टायरला घसरायला २६०० न्यूटन-मीटर लागतील, ३५ इंचीला ३०५०. नुसता टायर मोठा केल्याने शाफ्टवरचा ताण सतरा टक्क्यांनी वाढला, आणि त्यात टायरचं स्वतःचं जादा वजन धरलेलंच नाही.

आता लॉकर, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र जखडणारी सोय. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. एक चाक हवेत गेलं की दुसऱ्याच्या शाफ्टलाही जवळजवळ काहीच मिळत नाही. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉकर लावला की ते ३०५० न्यूटन-मीटर सगळे पकड असलेल्या चाकाच्या शाफ्टमधून जातात. टायर दगडांच्या फटीत अडकला तर घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तेवढा शाफ्ट पिळला जाणार. माझ्या बाकावर येणारे तुटलेले शाफ्ट बहुतेक असेच येतात : स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, पुढचा लॉकर लावलेला आणि पाय खाली. स्टिअरिंग टोकाला गेलं की क्रॉस (आतला आणि बाहेरचा शाफ्ट जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट) आपल्या कोनाच्या शेवटाला असतो. शाफ्टचे कान फाकतात, क्रॉसची टोपी बाहेर सरकते आणि मग कान तुटून नकलमध्ये (चाकासोबत वळणाऱ्या भागात) घुसतो.

म्हणजे तुमच्या डाना ३० मध्ये आधी जाणार ते क्रॉस आणि शाफ्टचे कान, मग २७ स्प्लाइनचा (टोकाला २७ खाचा असलेला) आतला शाफ्ट, आणि त्यानंतर क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी. आता मित्रांच्या सल्ल्याकडे बघा. रुबिकॉनच्या (रँग्लरच्याच जास्त मजबूत मॉडेलच्या) पुढच्या डाना ४४ चा क्राऊन ८.५ इंची आहे, तुमचा ७.१ इंचीच्या आसपास. आतला शाफ्ट ३० स्प्लाइनचा, म्हणजे १.१६ इंचाच्या जागी १.३१. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे तो दिसायला जेमतेम जाड असला तरी ताकदीने जवळजवळ दीडपट होतो. इथपर्यंत ठीक. पण त्याचे नकल, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि बाहेरचा क्रॉस तुमच्या डाना ३० चेच आहेत. जे आधी तुटतं ते तिथेही तसंच आहे. नवीन गाडी घेताना रुबिकॉन मिळाली तर जरूर घ्या. पण नुसता ॲक्सल उचलून बसवायला मी सांगणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर आहे तोच ॲक्सल बांधला असता. ४३४० क्रोमोलीचे आतले-बाहेरचे शाफ्ट, ७६० क्रमांकाचे चांगले क्रॉस आणि त्यांच्या टोप्यांना पूर्ण गोल सर्कलिप. नळीच्या वरून ट्रस (आधाराची पोलादी चौकट) आणि नकल ज्या सी-आकाराच्या भागावर बसतो त्याला आधारपट्ट्या. शिवाय हवेचा किंवा विजेचा, हवा तेव्हा लावता येईल असा लॉकर. ट्रस कशाला? आदळआपट झाली की चाकं वर ढकलली जातात, स्प्रिंग आतून खाली दाबते, आणि नळीची दोन्ही टोकं हळूहळू वर वाकतात. चाकांची वरची बाजू आत कललेली दिसते आणि टायर आतून झिजतात. ट्रस जोडताना घाई करणाऱ्या वेल्डरला हात लावू देऊ नका. नळीच्या वरच्या बाजूला एकाच दमात लांब वेल्ड ओढला तर थंड होताना तो आवळतो आणि टोकं पुन्हा वरच उचलतो. म्हणजे जे टाळायचं होतं तेच कार्यशाळेत होतं. छोटे टाके, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मध्ये थंड व्हायला वेळ. मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियलचं घर, ओतीव लोखंडाचा असतो. त्याला ट्रस जोडायचा तर तो आधी तापवावा लागतो आणि निकेलचा रॉड लागतो, नाहीतर वेल्डच्या कडेने तडा जातो.

यात आणखी एक जुनी, चांगली सोय आहे. १९९९ पर्यंतच्या बहुतेक जीप चेरोकी एक्सजेमध्ये हाय-पिनियन (पिनियन वरच्या अंगाला असलेला) डाना ३० येत असे, आणि तो टीजेखाली जवळजवळ तसाच बसतो. तुमचा लो-पिनियन पुढे लावलेला असल्याने गाडी पुढे जाताना दात्यांच्या उलट, कमी ताकदीच्या बाजूवर भार येतो. हाय-पिनियनमध्ये तो दात्यांच्या मजबूत बाजूवर येतो, आणि पिनियन वर असल्याने उंच केलेल्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा कोनही सुधारतो. फक्त जुन्या वर्षांतल्या काही ॲक्सलना शाफ्ट जोडणारी-सोडणारी, व्हॅक्युमवर चालणारी यंत्रणा असते आणि एका बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. तो घेऊ नका.

डाना ६० चं म्हणाल तर त्याचा क्राऊन ९.७५ इंची, शाफ्ट ३५ स्प्लाइनचा दीड इंची, म्हणजे तुमच्या शाफ्टच्या दुपटीहून अधिक ताकद. क्रॉस, नकल, बेअरिंग, सगळंच मोठं. तुटण्याची जागा खरोखर बदलते ती इथे. पण गोळा मोठा असल्याने ३५ च्या टायरवर तो दगडांना घासत जाईल. वजन अंगावर येईल, चाकांना आठ बोल्ट लागतील, मागचाही ॲक्सल त्याला शोभेल असा करावा लागेल, ब्रेक आणि स्टिअरिंगही नवं. ३७ च्या पुढे जायचं नक्की असेल तर आत्ता डाना ३० वर एक पैसाही घालू नका, थेट त्या तयारीला लागा. ३५ वर थांबणार असाल आणि पाय हलका असेल तर बांधलेला डाना ३० तुम्हाला पुरेल. म्हणून टायर आधी ठरवा, आणि ठरवल्यावर त्यावर टिकून राहा.

प्रश्न : ३५ च्या टायरला ४.१०, ४.५६ की ४.८८? जितका मोठा आकडा तितकी ताकद जास्त, हे खरं ना?

तुमची गाडी कुठली ते लिहिलेलं नाही, म्हणून वरच्याच गाडीचा हिशोब देते. जुना रेशो गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर : ३.७३ × ३५ ÷ ३० = ४.३५. हा रेशो मिळत नाही. मोठ्या टायरचं वजन आणि उंच गाडीला लागणारा वारा लक्षात घेऊन मी ४.५६ कडे झुकते. ४.१० वर गाडी हमरस्त्यावर सुस्त वाटेल.

चाकाला पीळ जास्त मिळतो हे खरं, पण त्याची किंमत पिनियन मोजतं. दाते मोजून बघा. ३.७३ म्हणजे बहुधा ४१ ला ११, ४.१० म्हणजे ४१ ला १०, ४.५६ म्हणजे ४१ ला ९, ५.१३ म्हणजे ४१ ला ८. क्राऊन तेवढाच राहतो आणि पिनियन दर पायरीला बारीक होत जातं. एका वेळी कमी दाते भार घेतात. डाना ३० सारख्या लहान क्राऊनमध्ये ५.१३ मी स्वतःहून सुचवत नाही. खडकावर आणखी सावकाश जायचं असेल तर ट्रान्सफर केसची लो रेंज बदला. तिथे मिळालेली संथ चाल हमरस्त्यावर आड येत नाही.

पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. नाहीतर फोर-व्हील लावल्यावर दोघे वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि मधला ट्रान्सफर केस पिळला जातो. आणि माल मागवण्याआधी कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) तपासा. डाना ३० मध्ये ३.७३ आणि त्याच्या वरच्या सगळ्या रेशोंना एकच कॅरिअर चालतो, पण डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा. पुढे जुना चालला म्हणून मागेही चालेल, असं धरून चालू नका. लॉकर घेणार असाल तर बहुतेक लॉकर स्वतःच कॅरिअर असतात. मग रेशो पक्का करूनच लॉकर मागवा.

बसवल्यावर पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, ओझ्याशिवाय, आणि मग गोळा पूर्ण थंड होऊ द्या. पहिलं तेल आठशे किलोमीटरच्या आसपास बदला. नवे दाते एकमेकांत रुळताना खूप तापतात. त्या पहिल्या दिवसांत ट्रेलर ओढला तर दात्यांवरचा कडकपणाच जातो.

प्रश्न : १९८४ ची टोयोटा हायलक्स, पुढे सॉलिड ॲक्सल. वळताना पुढून टक्-टक् येतं आणि नकलच्या गोळ्यावरून काळपट पातळ ग्रीस गळतं. क्रॉसवाला ॲक्सल बसवून मोकळं व्हावं का?

नका. या ॲक्सलबद्दल मला फार आपुलकी आहे, आणि तो दुरुस्तीतून पुन्हा उभा राहतो.

टक्-टक् हा बर्फिल्ड जॉइंटचा, म्हणजे क्रॉसच्या जागी असलेल्या गोळ्यांच्या सांध्याचा आवाज. आतल्या गोळ्या आणि त्यांचा पिंजरा झिजलाय. पातळ ग्रीस म्हणजे आतल्या शाफ्टचं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये शिरून ग्रीसमध्ये मिसळतंय. दोन्ही कामं एकाच वेळी उघडून करायची आहेत. सील बदला, नकल रॉकेलने स्वच्छ धुवा, वरखालची ट्रनियन बेअरिंगं बदला आणि शिम घालून त्यांचा आवळ स्प्रिंग काट्याने मोजून बसवा, हाताच्या अंदाजाने नाही. स्टिअरिंग आर्म ज्या स्टडवर बसतो ते स्टड या ॲक्सलमध्ये सैल होतात, ही जुनी खोड आहे. ते काढून, साफ करून, टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येक मोठ्या सहलीनंतर हात लावून बघा. हे स्टड तुटले तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाक आपल्या मनाने वळतं. शाफ्ट तुटण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

बर्फिल्ड तुटतो तो बहुतेकदा स्टिअरिंग टोकाला नेऊन गाडी मागे घेताना. तिथे जरा स्टिअरिंग सरळ करा, मग पेडल दाबा. मोठे टायर आणि लॉकर असेल तर त्याच जागी क्रोमोलीचे बर्फिल्ड आणि आतले शाफ्ट मिळतात, गाडीवर काहीही न कापता बसतात.

आणि क्रॉसपेक्षा यात एक मोठं सुख आहे. एकेरी क्रॉस तीस अंशांत वळला की बाहेरच्या शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वरखाली होतो, ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत. पुढचा लॉकर लावून वळताना स्टिअरिंगला जे हिसके बसतात ते यातूनच. बर्फिल्डमध्ये वेग एकसारखा राहतो. तो टाकून क्रॉस घ्यायला मी कुणालाच सांगणार नाही.

प्रश्न : पुढे आपोआप लागणारा लॉकर टाकला तर? तारा नाहीत, कॉम्प्रेसर नाही, खर्च कमी.

चालतो, पण गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील आणि ती रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवायची नसेल तरच. चिखलात किंवा ओल्या उतारावर फोर-व्हील लावून वळताना तो आपल्या वेळेला लागतो आणि सुटतो. तेव्हा गाडी सरळ जायला बघते आणि स्टिअरिंग जड होतं. मागे असल्या लॉकरची सवय करून घेता येते. पुढे मी नेहमी बटणाचाच सुचवते.

प्रश्न : चार इंच लिफ्ट केली, ॲक्सलही मजबूत केला. आता गाडी रस्त्यावर भरकटते आणि ठरावीक वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग जोरजोरात हलायला लागतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर सुचवा.

डॅम्पर सुचवणार नाही. तो हलणं दडपतो, कारण तसंच राहतं, आणि डॅम्पर थकला की ते दुप्पट जोराने परत येतं.

भरकटणं बहुधा कॅस्टरचं, म्हणजे नकलच्या मागे कललेल्या कोनाचं आहे. मूळ लांबीचे कंट्रोल आर्म ठेवून गाडी उचलली की ॲक्सल पुढे गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. चाकांना आपणहून सरळ यायची ओढच राहत नाही. लांब किंवा कमी-जास्त करता येणारे आर्म लावून कॅस्टर पाच ते सात अंशांच्या आसपास आणा. मात्र ॲक्सल मागे फिरवला की पिनियन खाली बघायला लागतं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. ज्या गाडीला फ्री-व्हील हब नाहीत तिचा पुढचा शाफ्ट रस्त्यावरही सतत फिरतो, त्यामुळे थरथर लगेच जाणवते. दोन्ही एकत्र जुळत नसतील तर पक्का उपाय एकच : सी-भागाचा वेल्ड घासून काढायचा, पिनियन हव्या त्या कोनात ठेवायचं आणि सी फिरवून पुन्हा जोडायचा. हे काम ॲक्सल गाडीखालून काढलेला असतानाच करून घ्यावं. पुढच्या वेळी कुणी ट्रस लावायला ॲक्सल उतरवला तर त्याच दिवशी कोन मोजून घ्या.

जोरजोरात हलण्यासाठी एकाला स्टिअरिंग डावी-उजवी हलवायला बसवा आणि तुम्ही गाडीखाली पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवर हात ठेवा. गाडी चाकांवर उभी असू द्या, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना मागून-पुढून ठोकळे. बोल्ट त्याच्या भोकात जरा जरी सरकताना जाणवला तरी ते भोक लांबट झालंय. तिथे नवी पट्टी वेल्ड करून नवं भोक पाडावं लागेल, नुसता बोल्ट आवळून भागणार नाही. मग बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, आणि शेवटी टायरचा समतोल. लिफ्टनंतर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड समांतर आहेत का, तेही बघा. ते समांतर नसतील तर प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल एका कमानीत आणि स्टिअरिंग दुसऱ्या कमानीत फिरतं.

प्रश्न : जुना ॲक्सल विकत घेताना काय बघावं? बाजारात फोर्डचा १९७८-७९ चा हाय-पिनियन डाना ४४ मिळतोय.

ॲक्सल म्हणून उत्तम. बाहेरचा भाग भक्कम, फ्री-व्हील हब, पिनियन वर. दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट कुठल्या बाजूने निघतो. या फोर्डचा गोळा डावीकडे आहे. रँग्लर वायजेपासून पुढच्या गाड्यांचा डावीकडेच, पण जुन्या सीजेचा आणि वरच्या प्रश्नातल्या हायलक्सचा उजवीकडे. ही गोष्ट जुळत नसेल तर सौदा तिथेच संपला. दुसरी, ब्रोंको आणि एफ-१५० च्या त्या ॲक्सलवर रेडियस आर्मच्या पाचरी गोळ्याबरोबरच ओतलेल्या असतात. लीफ स्प्रिंग किंवा लिंक बसवायच्या तर त्या कापाव्या लागतात. ते काम होतं, पण बराच वेळ खातं आणि ओतीव लोखंडावर चुकीला जागा नसते.

मग झाकण उघडायला लावा. तेलात चमकणारा चुरा, पिनियनच्या दात्यांवर निळसर डाग किंवा एका कडेलाच पडलेला घासा दिसला तर क्राऊन-पिनियन नवं धरूनच भाव करा. पिनियनला हाताने पुढे-मागे ओढून बघा. जाणवेल इतकी ढिलाई असेल तर बेअरिंगं गेली. दोन्ही नळ्यांच्या वर एक दोरा ताणून धरा आणि नळीपासूनचं अंतर ठिकठिकाणी मोजा. दोन्ही बाजूंचं जुळलं पाहिजे. किंगपिन किंवा बॉल जॉइंटवर नकल हाताने फिरवा, एका जागी अडकला तर तिथे बेअरिंगला खळगे पडलेत.

रेशोची चकती लटकलेली असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका, कुणी मधे गिअर बदलले असतील. झाकण उघडंच आहे, तर क्राऊनचे दाते मोजा, पिनियनचे मोजा आणि भागाकार करा. तुमच्या मागच्या ॲक्सलशी तो जुळतो का, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.